सत्त्याऐंशी नंबरची बाई

फोनताईंचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: माणूस अजून जिवंत आहे का, हे त्याला न दुखावता त्यालाच विचारायचं. करून बघा एकदा. आपल्या सख्ख्या आत्याला फोन लावा आणि तिच्या मनात काही न येऊ देता हे विचारून दाखवा. आत्या पुढची चार वर्षं तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही. फोनताई हेच काम एकोणीस वर्षं करत होत्या, आणि पलीकडच्या बाया उलट त्यांनाच दम देत, "गेल्या वेळी घाईत ठेवलात हो फोन. माझ्या सुनेचं सांगायचंच राहिलं."

कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, धुलाईखान्याच्या वर, त्यांची खोली. खालून गरम चादरींचा वास यायचा. खोलीत एक टेबल, एक फोन, कॉम्प्युटर, आणि जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही. कॉम्प्युटरमध्ये तीनच रकाने होते: हयात, मृत, संपर्क नाही. वहीत मात्र चौथा रकाना फोनताईंनी स्वतः आखून घेतला होता, आणि त्यात गुडघे, नातवंडं, जावयाची नोकरी, गच्चीतली गळती, सगळं होतं. "पुढच्या वेळी बोलायला काहीतरी नको का?" असं त्या म्हणायच्या. पेशंट बायका समोर कधी येत नसत, त्या पुढच्या इमारतीत यायच्या. त्यामुळे शेकडो बायका फोनताईंना फक्त आवाजावरून माहीत होत्या. चेहरा एकीचाही नाही.

फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं: "घाबरू नका, सगळं ठीक आहे, सहज चौकशीला फोन केलाय." रुग्णालयातून फोन म्हटला की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. तो आधी खाली उतरवायचा, मग बाकीचं. कधी फोन नवऱ्याने किंवा मुलीने उचलला आणि "आई गेली हो" म्हणून सांगितलं, तर ते माणूस बोलेल तितका वेळ फोनताई ऐकत बसत. मग फोन ठेवून एक ग्लास पाणी पिऊन, त्यानंतरच 'मृत' लिहीत. पाणी प्यायच्या आधी त्यांनी तो शब्द कधी लिहिला नाही.

गेली नऊ वर्षं हा सगळा खटाटोप चालला होता डॉक्टरबाईंच्या शोधनिबंधासाठी. या डॉक्टरबाई म्हणजे विभागातल्या संशोधक. चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलाखाली, अशी गत. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. स्तनाचा कॅन्सर जेव्हा हाडांत, यकृतात पसरतो, तेव्हा तो मुळासकट जात नाही. गोळ्या देऊन त्याला दाबून ठेवायचं, एवढंच हातात असतं. पण त्या गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलून निघायचे, तोंड येऊन घास गिळवायचा नाही. मग बायका काय करणार? गुपचूप गोळ्याच बंद करायच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, मात्रा कमी करून, मध्ये विसावा देऊन बघू. बाई सुखाने गोळी घेत राहिली तर जास्त जगेल की नाही? आयुष्य कमी तर होणार नाही ना? दोनशे बारा बायका तयार झाल्या. प्रत्येकीला नंबर मिळाला, आणि दर तीन महिन्यांनी फोनताईंचा फोन.

डॉक्टरबाईंचे आधीचे निबंध छापून आले होते, नाही असं नाही. पण छापून येणं वेगळं आणि कुणी वाचणं वेगळं. "माझा मागचा निबंध जगात चौघांनी वाचला," त्या सांगायच्या. "एक मी, एक माझे वडील, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. उरलेले दोघे कोण ते शोधतेय, भेटले तर जेवायला बोलवीन." सगळे हसायचे. डॉक्टरबाईही हसायच्या, पण एकदा फोनताईंशी बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. "ताई, किती जणांनी वाचला, किती जणांनी आपल्या निबंधात त्याचा दाखला दिला, याची मोजदाद असते. मला त्या आकड्याचं काय करायचंय? पण कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी डॉक्टरने हे वाचून एका बाईची गोळी कमी केली, तर माझी नऊ वर्षं सत्कारणी लागली."

आणि खरंच तशी वेळ आली. निबंध एका मोठ्या मासिकाने घेतला. जी समिती उपचारांची पुस्तिका काढते आणि जिच्या शब्दावर गावोगावचे डॉक्टर चालतात, तिनेही विचारणा केली. फक्त एक अट घातली. शंभरात पाचांपेक्षा जास्त पेशंट 'संपर्क नाही'मध्ये असतील, तर निबंध परत. हिशोब सरळ होता. दोनशे बारांत जास्तीत जास्त दहा. होत्या एकोणीस. मुदत तीन आठवड्यांची, शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

फोनताईंनी पदर खोचला. एकीच्या घराखाली चपलांचं दुकान होतं, हे चौथ्या रकान्यात लिहिलेलं होतं. त्यांनी दुकान शोधलं, दुकानदाराने वर हाक मारली, बाई खाली आल्या. "अहो, मी कुठे मेलेय, फोन मेलाय माझा!" दुसरी मुलीकडे राहायला गेली होती. तिसरीच्या मुलाने नंबर बदलला होता आणि आईला सांगायचा विसरला होता. त्याला फोनताईंनी असं झापलं की आईला बरं वाटलं. दोघी वारल्या होत्या. तेही कळलं, पाणी पिऊन तेही लिहिलं. करता करता एकोणीसच्या अकरा झाल्या. आणि मग गाडी अडली ती अडलीच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

त्या अकरांत एक होती सत्त्याऐंशी. ती हरवलेली नव्हतीच मुळी. तिने सहा वर्षांपूर्वी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "हे बघा ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण तुमचा फोन आला की पुढचे आठ दिवस मला झोप लागत नाही. दर तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंय, अजून आहेस का, अजून आहेस का. मला तुमच्या वहीतून काढा. गोळ्या मी दुसऱ्या दवाखान्यातून घेईन. फोन करू नका." फोनताईंनी तसं कळवलं, डॉक्टरबाईंनी सही केली. नियम असा की बाईने एकदा नाही म्हटलं की तिला फोन नाही, पत्र नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याकडे चौकशी नाही. ती आपणहून आली, स्वतः सही दिली, तरच पुन्हा नोंद. तोवर 'संपर्क नाही', आणि तिची गोष्ट त्या तारखेलाच थांबलेली.

आता खरी गंमत. ती सत्त्याऐंशी नंबरची बाई कुठे आहे हे फोनताईंना माहीत होतं. रोज सकाळी सात वाजता ती त्यांच्या शेजारी बसून त्यांच्यावर ओरडत होती.

झालं होतं असं. फोनताईंच्या यजमानांना संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे विखुरलेले दिसू लागले. त्यांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली आणि जाहीर केलं, "आता या घरात कुणी गाडी चालवणार नाही." फोनताई म्हणाल्या, "मी चालवीन." यजमान म्हणाले, "मग मी चालत जाईन." एवढं ऐकल्यावर कुठली बाई गप्प बसेल? मुलीने जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आईचं नाव घातलं. शिकवणारी बाईच होती, हे बरं झालं. पन्नाशीची, आखूड केसांची, गॉगलवाली. पहिल्या दिवशी फोनताई गाडीत बसल्या, पट्टा लावला, तोंड उघडणार इतक्यात ती म्हणाली, "हं, पुढे!"

फोनताईंचं तोंड उघडंच राहिलं. चेहरा विसरतील, पण आवाज त्या विसरतील होय? दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, प्रत्येक प्रश्नानंतर हाच आवाज हेच दोन शब्द बोलला होता. भूक लागते का? लागते, हं, पुढे! झोप? हं, पुढे!

आणि आवाज दोन्हीकडून ओळखू येतो. आपण एक वाक्य बोललो की हिला कळणार, आणि पुन्हा आठ दिवस हिची झोप उडणार. म्हणून फोनताईंनी तोंडाला कुलूप घातलं. दिवसभर बोलण्याचाच पगार घेणारी ही बाई गाडीत फक्त "हं" आणि "अंहं" एवढंच बोलू लागली. मास्तरीणबाईंना वाटलं, पोर लाजाळू आहे. पोर चोपन्न वर्षांचं! "मौनीबाबा, क्लच!" त्या ओरडायच्या. "मौनीबाबा, आरसा केस बघायला नाही दिलेला!"

शाळा बदलता आली असती की, असं तुम्ही म्हणाल. आली असती. पण खरं सांगायचं तर फोनताईंचा पाय निघेना. सहा वर्षं त्यांनी त्या नंबरापुढे रिकामा रकाना पाहिला होता. आता रोज सकाळी ती रिकाम्या रकान्यातली बाई खणखणीत आवाजात रिक्षावाल्यांचा उद्धार करताना ऐकू यायची. घरी परतताना फोनताईंच्या अंगात आनंद मावायचा नाही. यजमान विचारायचे, "एवढी गाडी आवडली?" त्या म्हणायच्या, "हं."

पण ऑफिसात आल्या की तोच आनंद घशाशी यायचा. बुधवारी दुपारी डॉक्टरबाई खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या. "अकराच का, ताई?"

"अकराच."

"काही आशा?"

फोनताईंचे कान तापले. जिभेच्या टोकावर होतं सगळं. "एक आहे," त्या म्हणाल्या. "ती कुठे आहे मला ठाऊक आहे. पण तिने नको म्हटलंय."

 डॉक्टरबाई उठल्या. "मग मला सांगूही नका कोण ते. माझा पाय केव्हा घसरेल भरवसा नाही. तिने नाही म्हटलंय ना? मग नाही. निबंध गेला उडत." आणि चष्मा डोक्यावर असताना तो शोधत निघून गेल्या. फोनताईंना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्यांनी एकही फोन लावला नाही.

गुरुवारी सकाळी त्याच तारेत त्या गाडी चालवायला बसल्या. मैदानामागचा उतार. समोर भाजीची हातगाडी आडवी आली. फोनताईंनी ब्रेक समजून जे दाबलं ते ब्रेक नव्हतं. गाडी सुसाट. मास्तरीणबाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक असा हाणला की दोघींची कपाळं काचेला टेकता टेकता राहिली. हातगाडी आणि गाडी यांत एका कोबीचं अंतर उरलं. भाजीवाल्याने दोघींच्या सात पिढ्या काढल्या आणि हातगाडी ढकलत निघून गेला. मास्तरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. हात छातीवर, श्वास वर.

समोर घाबरलेली बाई दिसली, आणि एकोणीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली: "घाबरू नका, सगळं ठीक आहे, सहज चौकशीला फोन केलाय."

बोलून गेल्यावर फोनताईंनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. पण बाण सुटला होता.

मास्तरीणबाईंनी सावकाश गॉगल काढला. "गाडी कडेला घ्या," त्या म्हणाल्या. घेतली. "फोनवाल्या ताई."

"हो."

"माझा माग काढत आलात?"

"देवाशपथ नाही! मुलीने नाव घातलं. मी पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकला आणि तेव्हापासून तोंड शिवून बसलेय. तीन आठवडे! माझ्या नवऱ्याला विचारा माझ्यासाठी हे काय असतं ते."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "मग काय, लिहिलं असेल वहीत. बाई जिवंत आहे, रोज सातला बोंबलते."

"नाही लिहिलं."

"का?"

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून. पाहिलेलं लिहायचं नसतं आमच्यात. तुम्ही सांगाल तेच लिहायचं."

मास्तरीणबाई काचेतून समोर बघत राहिल्या. "मग काय आहे माझ्या नावापुढे?"

"संपर्क नाही. तारीख सहा वर्षांपूर्वीची."

"म्हणजे त्या निबंधात मी सहा वर्षांपूर्वीच संपले."

"संपलात नाही. थांबलात," फोनताई म्हणाल्या.

 मास्तरीणबाईंनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "कमी गोळ्यांवरच आहे मी अजून. या हातांनी दिवसाला सहा जणांना स्टिअरिंग शिकवते. काय झालं त्या निबंधाचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का नाही?"

"सांगितलं तर तुम्हाला भीड पडेल."

"मला?" मास्तरीणबाई जागच्या जागी उसळल्या. "मी भर चौकात ट्रकवाल्यांना उतरवून बोलते, आणि मला भीड पडणार? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? बोला!"

मग फोनताई बोलल्या. तीन आठवड्यांचं तुंबलेलं एकदम. दहा, अकरा, समिती, पुस्तिका, उद्याचा शुक्रवार. आणि शेवटी, हात जोडून, "पण तुम्ही नाही म्हटलंत तर नाहीच. डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. कुणी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. मी तर शाळाही बदलेन."

"उद्या मुदत," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि आज तुम्ही इथे बसून माझी गाडी भाजीत घालताय. चला. गाडी सुरू करा."

"कुठे?"

"तुमच्या त्या डॉक्टरबाईंकडे. आणि तुम्हीच चालवायचं. हं, पुढे!"

फोनताईंनी आयुष्यात प्रथमच मोठ्या रस्त्यावर गाडी घातली. एकाच सिग्नलला तीनदा बंद पडली. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, मास्तरीणबाईंनी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांचा समाचार घेतला. रुग्णालयाच्या आवारात गाडी दोन गाड्यांची जागा अडवून तिरकी उभी राहिली. रखवालदार काही म्हणणार होता, पण एवढं हसणाऱ्या फोनताई त्याने कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून गप्प राहिला.

डॉक्टरबाई फोनताईंच्याच टेबलाशी समितीला 'जमलं नाही' असं पत्र लिहायला बसल्या होत्या. दारात दोघी. मास्तरीणबाईंनी नावगाव काही सांगितलं नाही. "सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या. "आपणहून आलेय. सही कुठे करायची?"

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. त्यांना दोनशे बाराही नंबर पाठ होते. "सत्त्याऐंशी म्हणजे... हाडांत पसरलेला? तुम्ही?" आणि नऊ वर्षं आकडे बघणारी ती बाई समोरच्या आखूड केसांकडे, गॉगलकडे, धुळीने भरलेल्या बुटांकडे नुसती बघत राहिली. मग घाईघाईने कागद पुढे केला. तो उलटा होता.

मास्तरीणबाईंनी सही करायच्या आधी अट घातली. फोन करायचा नाही. दर तीन महिन्यांनी मी स्वतः येऊन सांगेन. आले नाही तर काय ते समजा. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. फोनताईंनी वही उघडली आणि रिकाम्या रकान्यात, आजच्या तारखेसमोर, 'हयात' लिहिलं. आनंदाच्या भरात अक्षर क्लच सोडल्यासारखं उडत गेलं. डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं, जणू काही अकरातून एक गेल्यावर किती उरतात याची खात्री नव्हती. "दहा!" त्या ओरडल्या आणि फोनताईंना अशी मिठी मारली की डोक्यावरचा चष्मा खाली पडून काडी तुटली.

पुढचं आत्ताच सांगून टाकलेलं बरं. निबंध छापून आला. समितीच्या पुस्तिकेत त्यातलं दीड वाक्य आलं. दीडच, पण ते वाचून कुठकुठल्या गावांत गोळ्यांची मात्रा कमी झाली. दाखले देणाऱ्यांची संख्या चारशेच्या वर गेली, आणि डॉक्टरबाईंचे वडील ती दर सोमवारी मोजून फोनवर कळवू लागले. जेवायला बोलावण्याचा बेत रद्द झाला, एवढ्यांना कोण वाढणार! फोनताई दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या. यजमान शेजारी बसतात, डोळे मिटून.

पण त्या गुरुवारी अजून एक गोष्ट घडली. डॉक्टरबाई पत्र फाडून नवं लिहायला धावल्या होत्या. खोलीत दोघीच उरल्या. मास्तरीणबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. एवढी कडकडीत बाई, पण आवाज पार खाली आला होता.

"ताई, एक विचारू? त्यातल्या... अजून किती..."

पुढचं त्यांना बोलवेना. फोनताईंना पुढचं ऐकायची गरजच नव्हती. हाच तर त्यांचा धंदा होता. फक्त आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारला होता.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. "तुमच्यासकट."

मास्तरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. "त्रेचाळीस?"

"नावं सांगता येणार नाहीत. पण त्रेचाळीस. आठ-नऊ वर्षं झालेल्या. एक परवाच आजी झाली."

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं, "तुम्ही एकेकीला खोडत खोडत माझ्यापर्यंत येताय. म्हणून फोन नको म्हटलं. मला वाटलं, मी एकटीच उरले असेन, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. त्रेचाळीस! अहो, एक अख्खी बस भरेल की!"

"भरेल," फोनताई म्हणाल्या. "दोघीतिघींना उभं राहावं लागेल."

"चालेल," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी राहीन उभी."